आचाऱ्यांची परीक्षा : फुकटातल्या एडिटिंगचे आठ महिने

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये घालून दिला आणि दोन दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. ते मराठीचे निवृत्त शिक्षक. आवाज एकदम शांत. "व्हिडिओ छान झालाय हो. फक्त शेवटी आचार्यांचे आभार मानलेत. आमच्याकडे आचार्य कुणी आले नव्हते. लग्न लावलं ते गुरुजींनी, जेवण केलं ते आचाऱ्यांनी." राहिलेले पंधराशे रुपये देणार नाही असं ते म्हणाले नाहीत. दुरुस्त करून आणा, मग बघू, एवढंच म्हणाले.

चूक पुतण्याची. आभाराची पाटी त्यानं मोबाइलवरच्या एका अ‍ॅपात केली होती आणि कीबोर्डनं सुचवलेला शब्द तसाच घेतला होता. म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. शब्द नीट टाइप केला. तर त्या अ‍ॅपानं 'र'च्या खाली टिंब दिलं, त्याला पाय मोडल्याची खूण लावली आणि पुढे सबंध 'य' उभा केला. तो आडवा, शेपटीसारखा अर्धा र काही केल्या उमटेना. फॉन्ट बदलले, अ‍ॅप काढून परत टाकलं, शेवटी अ‍ॅपवाल्यांना मेल केला. उत्तर आलं की आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. पाटी होती तशीच.

आता माझी अडचण समजून घ्या. मी राहतो कऱ्हाडात. धंदा वऱ्हाडाचं शूटिंग करायचा. पैसे देणारं ते गिऱ्हाईक, बऱ्याचदा घोड्यावर बसतो त्या नवऱ्या मुलाकडचं. या धंद्यातलं एक वाक्य त्या अर्ध्या र शिवाय पुरं होत नाही. तेव्हापासून नियम केला: कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं की आधी 'आचाऱ्यांना' टाइप करायचं. पास झालं तर पुढचं बघायचं. नापास झालं तर ते फुकट असो की लाखाचं, काढून टाकायचं.

त्याच सुमारास दुसरं दुखणं चालू होतं. इतकी वर्षं आपल्या लाइनीत चालतं तेच माझ्याकडेही चालायचं, म्हणजे कुणीतरी पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं चोरीचं सॉफ्टवेअर. नवीन मशीनवर ते चालेना, म्हणून पहिल्यांदा इमानदारीत एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं एक परदेशी पॅकेज भाड्यानं घेतलं. हप्ता दुकानाच्या लाइटबिलापेक्षा मोठा. आषाढात काम थंडावतं, म्हणून बंद करायला गेलो तर कळलं की करार वर्षाचा आहे, फक्त हप्ता महिन्याला आहे. मधेच सोडलं तर उरलेल्या रकमेचा काही हिस्सा भरा. चॅटवरची बाई प्रत्येक वाक्याला "मी तुमची नाराजी समजू शकते" म्हणत होती आणि सोडून जाऊ नये म्हणून दोन महिने फुकट देत होती. सव्वा तास गेला. अटी बारीक अक्षरात होत्या, मी वाचल्या नव्हत्या, हे मान्य. पण दोन महिने फुकट द्यायची ऐपत होती तर आधीच भाव कमी लावायचा ना!

तर तिथून हे आठ महिने. व्हिडिओला डाविंची रिझॉल्व्ह, पाट्या आणि फ्लेक्सला इंकस्केप, फोटोला गिम्प. तिन्ही फुकट. यांची ओळख करून देत बसत नाही, ती सगळीकडे सापडेल.

रिझॉल्व्हबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण पहिल्याच लग्नात त्यानं मला गप्प केलं. दोन कॅमेरे आणि स्टेजवरचा वेगळा रेकॉर्डर. आधी मी काय करायचो, तर अक्षता पडायच्या क्षणी वाजंत्री सुरू होते, ती जागा धरून एकेक क्लिप हातानं सरकवत जुळवायचो. एका लग्नाला अर्धा दिवस. इथं सगळ्या क्लिपा निवडल्या, मल्टिकॅम क्लिप, म्हणजे सगळे कॅमेरे एकत्र बांधलेली क्लिप, करायला सांगितलं, जुळणी आवाजावरून कर म्हटलं. चहा यायच्या आत 'शुभमंगल सावधान' तिन्हीकडे एकाच ठिकाणी. मी तीनदा परत चालवून बघितलं. हे फुकटच्या आवृत्तीत आहे यावर दुकानातल्या पोराचा अजून विश्वास नाही.

फुकटच्या आवृत्तीला कुंपण आहेच. एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढणं, ३८४० बाय २१६० पिक्सेलपर्यंतच. लग्नाच्या गिऱ्हाइकाला यापेक्षा जास्त लागत नाही, घरचा टीव्ही तेवढाच असतो. अंधाऱ्या मांडवात हळदीचं शूटिंग केलं की जे दाणे दाणे दिसतात, ते घालवायचं साधन मात्र पैशाच्या आवृत्तीत. कुलूप लावलेला इफेक्ट चुकून वापरला तर चित्रावर शिक्का उमटतो, म्हणून एक्स्पोर्टच्या आधी सगळं एकदा पाहून घ्यायचं. ती स्टुडिओ नावाची पैशाची आवृत्ती एकरकमी २९५ डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढे. एकदा भरले की दर महिन्याची कटकट नाही, हे मला पटतं. पण त्याहून कमी पैशात चांगला एलईडी लाइट येतो आणि हळदीला लाइट लावला तर दाणेच येत नाहीत. मी लाइट घेतला.

पैशाचा विषय निघाला म्हणून माझा गाढवपणाही सांगतो. रिझॉल्व्ह सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकतं. माझ्या जुन्या कार्डावर दर दहा मिनिटांनी कार्डाची मेमरी भरल्याचा संदेश यायचा. वैतागून पुण्यातून बारा हजारांचं सेकंडहँड कार्ड आणलं. म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर मला बारा हजारांना पडलं, असं मी दोन महिने भेटेल त्याला सांगत होतो. हे मत आता मागे घेतो. नंतर कळलं की प्रॉक्सी नावाचा प्रकार आहे: मोठ्या क्लिपांच्या हलक्या नकला करून त्यांवर एडिटिंग करायचं आणि एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ क्लिपा घेतं. जुन्या कार्डावरही निभावलं असतं. नवीन कार्डानं एक्स्पोर्ट लवकर होतो, एवढंच समाधान. बारा हजार गेले ते माझ्या घाईचे.

आणखी एक. रिझॉल्व्हमधलं प्रोजेक्ट साध्या फाइलीसारखं आपण ठेवू त्या फोल्डरात राहत नाही, ते त्याच्या स्वतःच्या डेटाबेसात असतं. मला हे माहीत नव्हतं. मी सगळं फुटेज बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलं, निर्धास्तपणे विंडोज फॉरमॅट मारलं आणि साखरपुड्याचं पाच तासांचं मिक्सिंग पाण्यात गेलं. चूक शंभर टक्के माझी. आता रोज दुकान बंद करायच्या आधी प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून फुटेजच्याच फोल्डरात टाकतो. नवीन माणसानं पहिल्या दिवशी हे शिकावं, बाकीची बटणं नंतर.

पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेल्या क्लिपांचाही ताप होता. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले, मंगलाष्टक संपता संपता आवाज पुढे. कारण मोबाइल दर सेकंदाच्या फ्रेम कमी-जास्त करत राहतो. हँडब्रेक नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरातून फ्रेमरेट स्थिर करून घेतला की संपलं. क्लिप आत आणायच्या आधी करायचं, नंतर नाही.

आता इंकस्केप. माझं खरं प्रेम इथं आहे आणि रागही.

पहिल्या दिवशी कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर, म्हणजे कळांच्या सरकारी मांडणीवर घेतला, शिफ्ट दाबून जे, मग डी, मग स्लॅश. 'ऱ्य' उमटला. जसा शाळेत फळ्यावर लिहायचे तसा, शेपटी डावीकडून येऊन य ला टेकलेली. मी पोराला बोलावून दाखवला. त्याला त्यात काय एवढं ते कळलं नाही. यामागे हार्फबझ नावाचं एक इंजिन आहे, ते फॉन्टमधले नियम वाचून अक्षरं जोडतं. इंकस्केपमध्ये तेच, गिम्पमध्येही तेच, म्हणून दोन्ही पास. पण फॉन्टमध्येही तो आकार असावा लागतो. 'मुक्त' आणि 'बलू' हे मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे फॉन्ट फुकट मिळतात, धंद्यातही चालतात. आपल्याकडचे जुने डिझायनर अजून जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांना चिकटून आहेत त्याचं कारण आळस नाही. त्या फॉन्टांत इंग्रजी कळांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असतात, जोडणी बोटांनी करायची, त्यामुळे सॉफ्टवेअर कितीही अडाणी असलं तरी अक्षर मोडत नाही. फक्त तो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की नुसता इंग्रजी कचरा. पत्रिकेचा मजकूर मग पुन्हा टाइप करत बसा.

आणि हो, फोटोशॉपमध्ये मराठी मोडतंय म्हणणाऱ्यांनी टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिपींची सोय चालू आहे का ते बघा. मी ते भाड्याचं पॅकेज सोडल्यावर हे मला एका प्रेसवाल्यानं सांगितलं. सोडल्यावर.

व्हिडिओतल्या सगळ्या पाट्या आता मी इंकस्केपमध्ये करतो, मागची बाजू पारदर्शक ठेवून पीएनजी काढतो आणि रिझॉल्व्हमध्ये वर ठेवतो. हलवायचं, विरघळवायचं काम तिथं. नावात बदल आला की परत पीएनजी काढावी लागते, ही कटकट आहेच. पण तीच पाटी फ्लेक्सला, तीच स्टेटसला, एकच शुद्धलेखन एकदाच तपासायचं.

इंकस्केपवरचा राग रंगांचा. ते आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतं, छपाईला सीएमवायके, म्हणजे शाईचे चार रंग लागतात. सप्टेंबरात मी याच कारणानं त्याला दहापैकी चार गुण देणार होतो. फ्लेक्सवाल्याकडे गेलो तर त्यानं सांगितलं, तू जेपीजी दे, मशीनचं सॉफ्टवेअर रंग बदलून घेतं, फक्त तो चमकणारा निळा वापरू नको, जांभळा येतो. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होतो, तेवढा काढून दिला. रस्त्याच्या पलीकडून बघणाऱ्याला काही फरक कळला नाही. ऑफसेटवरच्या पत्रिकेला मात्र हे चालत नाही. तिथं स्क्रायबस हे पानं लावायचं फुकटचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं, ते सीएमवायकेत पीडीएफ काढतं. त्याची १.६ आवृत्ती २०२४ च्या १ जानेवारीला आली, आचाऱ्यांना पास करते. दिसायला मात्र तहसील कचेरीसारखं आहे. कुठला अर्ज कुठल्या खिडकीवर, ते विचारत फिरायचं. तर इंकस्केपला चाराचे सात केले.

गिम्पबद्दल फार नाही. ३.० आवृत्ती २०२५ च्या मार्चमध्ये आली, त्यात फिल्टर लावल्यावर नंतरही बदलता येतात. अल्बमचे फोटो साफ करायला पुरतं. अ‍ॅफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर २०२५ च्या ऑक्टोबरपासून फुकट झालंय, कॅन्व्हाचं खातं काढलं की मिळतं. उतरवून ठेवलंय, लग्नसराई संपल्यावर हात घालीन.

हिशेब विचाराल तर आठ महिन्यांत सॉफ्टवेअरला शून्य, कार्डाला बारा हजार, लाइटला साडेसात हजार आणि त्या भाड्याच्या पॅकेजमधून सुटायला जे भरले ते लिहायला हात होत नाही.

त्या मराठीच्या गुरुजींचे, म्हणजे मुलीच्या वडिलांचे, पंधराशे जूनमध्येच मिळाले. या जानेवारीत धाकट्या मुलीचा साखरपुडा होता, तेही काम त्यांनी मलाच दिलं. यावेळी सगळ्या पाट्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. मुलीच्या नावासाठी एक नक्षीदार फॉन्ट खास शोधून काढला होता. रात्री साडेनऊला फोन.

"आचारी बरोबर. वऱ्हाडी बरोबर. कऱ्हाड बरोबर. पण मुलीच्या नावातला ल हिंदी आहे."

म्हटलं, गुरुजी, ल हा ल असतो.

"दोन पाकळ्यांचा ल मराठी. दांडी असलेला हिंदी. २००९ चा शासन निर्णय आहे, त्यात श देठाचा आणि ल पाकळीचा सांगितलाय. आणि तुमच्या 'शुभेच्छा'तला श पण बघा एकदा."

बघितला. रात्री पावणेबाराला टिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट उतरवला. तो मराठीसाठी वेगळा आहे, हिंदीचा वेगळा आणि संस्कृतचाही वेगळा. फुकट आहे. सतरा पाट्यांच्या पीएनजी परत काढल्या. नियमात आता दोन शब्द आहेत: 'आचाऱ्यांना' आणि 'शीतल'.