थार की जुनी जिप्सी?

साताऱ्यात यवतेश्वरचा घाट रोज चढणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. माझं मत आधीच सांगतो: घरात एकच गाडी असेल तर महिंद्राची थार घ्या. २.२ लिटर डिझेल इंजिन, १३० बीएचपी ताकद, ३०० एनएम टॉर्क, म्हणजे चढावरची ओढ. घाटात सारखा गिअर बदलावा लागत नाही. एअरबॅग आहेत, ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाचपैकी चार तारे आहेत. फक्त स्वस्त मॉडेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारं, नसतं, ते बघून घ्या.

मारुतीची जिप्सी मात्र वेगळंच प्रकरण. १.३ लिटर पेट्रोल, जेमतेम ८० बीएचपी, पण वजन टनाच्या आसपास. बामणोलीकडच्या चिखलात जड गाडी रुतते, तिथून ही पोरासारखी उड्या मारत निघते. एसी नाही, एअरबॅग नाही, मागच्या बाकावर कंबरेचं भजं! २०१९ च्या सुमारास सर्वसामान्यांसाठी विक्री थांबली, त्यामुळे आता जुनीच शोधायची. घेताना चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, गंज खाली वाकून बघा, आमच्याकडच्या पावसात तोच आधी खातो. पंधरा वर्षं झाली असतील तर आरटीओत फेरनोंदणीचा खर्चही धरा.

बायकोला विचाराल तर तिचं मत एसीला.