ब्रोकन ग्रुप बेटांवरची कयाक सहल: गाईडला पैसे नेमके कशाचे?

कॅनडात व्हँकुव्हर आयलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर युक्लूलेट आणि बॅमफील्ड या गावांच्या मधे बार्कली साउंड नावाचा मोठा आखात आहे. त्यातच शंभराहून जास्त बेटांचा ब्रोकन ग्रुप. पॅसिफिक रिम राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. बोटीशिवाय पोचता येत नाही, आणि तंबू ठोकायची मुभा फक्त 7 बेटांवर आहे: हँड, टरेट, जिब्राल्टर, विलिस, डॉड, क्लार्क आणि गिल्बर्ट. मे ते सप्टेंबरच्या हंगामात वेगवेगळ्या कंपन्या इथे गाईडसोबत तीन ते सहा दिवसांच्या सहली नेतात. व्हँकुव्हर किंवा सिएटलकडे राहणाऱ्यांना फेरीबोट आणि गाडी धरून पोचायला एक दिवस लागतो.

वाट शोधणं इथे अवघड नाही. टोकार्ट बेच्या किनाऱ्यावरून निघालं की हँड बेट सामान भरलेल्या कयाकनेही (वल्हवायची लहान, अरुंद होडी) दोनेक तासांत गाठता येतं. मग गाईड कशाला? तीन निर्णयांसाठी: सकाळी किती वाजता पाण्यात उतरायचं, तंबू कुठे लावायचे, आणि बाहेरच्या बेटांना कधी ‘आज नाही’ म्हणायचं. कंपनी निवडताना पारख याच गोष्टींवर करावी. वेबसाइटवरच्या ऑर्का-देवमाशांच्या फोटोंवर नको.

सुरुवात भरतीपासून. उधाण आणि भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) इथेही तिथीप्रमाणेच येतात, पण मुंबई-कोकणच्या सवयीचा माणूस नेमका इथे फसतो. पावसाळ्यात मुंबईला उधाणाची मोठी भरती भर दुपारी येते. इथे उन्हाळ्यात उलट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दिवसाची भरती लहान आणि मध्यरात्रीनंतरची मोठी. संध्याकाळी पाणी जिथवर आलं त्याच्या वर दोन हात सोडून तंबू लावला, तर रात्री दीड वाजता स्लीपिंग बॅग भिजते. किनाऱ्यावर वाहून आलेले ओंडके पडलेले असतात, तीही खात्रीची रेघ नव्हे. मोठ्या उधाणात तेच ओंडके तरंगतात. चांगला गाईड भरतीच्या तक्त्यात रात्रीचा आकडा आधी पाहतो, तंबू झाडांच्या कडेला नेतो आणि सगळ्या कयाक ओळीत ओढून दोरीने झाडाला बांधतो. तुमचा गाईड संध्याकाळी कयाक न बांधता जेवायला बसला, तर त्याला विचारायला संकोचू नका.

याच चक्रामुळे उधाणाच्या दिवसांत सर्वांत मोठी ओहोटी सकाळी येते. दोन टोकांतला फरक साडेतीन-चार मीटरपर्यंत जातो. म्हणजे पाणी लांब गेलेलं, मधे शेवाळाने बुळबुळीत खडक आणि पाय कापणारी कालवं. भरलेली दोन माणसांची कयाक तिथून उचलून नेणं म्हणजे कंबरेचं आणि फायबरच्या तळाचं नुकसान. पाणी चढायची वाट पाहावी, तर दुपारी वारा उठतो. स्वच्छ हवेतला वायव्येचा वारा साधारण बारानंतर जोर धरतो. हे दोन्ही सांभाळणारी निघायची वेळ रोज बदलते. म्हणून ज्या कंपनीच्या कार्यक्रमात ‘दुसरा दिवस: अमुक बेट’ असं पक्कं छापलेलं असतं, तिच्याबद्दल शंका घ्यावी. ‘हवामानानुसार’ असं लिहिणारी कंपनी बरी.

वाऱ्याचा प्रश्न आतल्या बेटांमधे फारसा जाणवत नाही. हँड, टरेट, डॉड, विलिस यांच्यामधल्या वाटा आडोशाच्या आहेत आणि नवशिक्यांना झेपतात. पण पश्चिमेची लाउडन चॅनल आणि पूर्वेची इम्पीरियल ईगल चॅनल उघड्या आहेत. गिल्बर्टला जायचं तर कोस्टर चॅनल ओलांडावी लागते आणि तिथे खुल्या पॅसिफिकच्या लांब लाटा थेट आत येतात. गाईडने सकाळी व्हीएचएफ रेडिओवर ‘वेस्ट कोस्ट व्हँकुव्हर आयलंड साउथ’ या पट्ट्याचा अंदाज आणि ला पेरूझ बँकेच्या तरंगत्या बोयाची लाटांची नोंद ऐकलीच पाहिजे. ऑगस्टमधे धुकंही असतं. समोरचं बेट दहा मिनिटांत दिसेनासं होतं. तेव्हा सगळ्यांनी शिट्टीच्या टप्प्यात राहायचं आणि होकायंत्राचा आकडा निघण्याआधीच ठरवून ठेवायचा. त्यासाठी 3670 क्रमांकाचा सागरी नकाशा गाईडच्या कयाकवर बांधलेला दिसायला हवा. फक्त फोनवर भागवणं पुरेसं नाही.

सुरक्षेत बऱ्याच सहली जिथे कमी पडतात ती जागा म्हणजे उलटण्याचा सराव. उन्हाळ्यातही पाणी 10 ते 14 अंश. किनाऱ्यावर उभं राहून वीस मिनिटं समजावणं म्हणजे सराव नव्हे. स्प्रे स्कर्टची (कंबरेभोवतीचं, पाणी आत येऊ न देणारं झाकण) पुढची पट्टी ओढून बाहेर निघायचं, उलटलेली कयाक आणि वल्हं सोडायचं नाही, दुसऱ्या कयाकने पुढचं टोक आपल्या मांडीवर ओढून पाणी काढून टाकायचं, सरळ करून आडवी लावून धरायची, मग पोटावर चढून पाय आत घालायचे आणि उरलेलं पाणी पंपाने उपसायचं. निदान एकदा तरी हे उथळ पाण्यात करून घेणारी कंपनी निवडा. वेटसूट देतात का, हेही आधी विचारा. काही सहलींत उन्हाळा म्हणून देत नाहीत. सुती कपडे आणि जीन्स मात्र घरीच ठेवा. भिजल्यावर सुताने अंग गारठतं; लोकर किंवा सिंथेटिक घ्या.

गोडं पाणी बेटांवर मिळेल असं धरू नये. पिणं-स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला 4 लिटर धरले, तर चार दिवसांचे 16 लिटर, म्हणजे 16 किलो. एकच मोठा कॅन हॅचमधून, म्हणजे सामान भरायच्या तोंडातून, आत जात नाही. चार ते सहा लिटरच्या मऊ पिशव्या घ्याव्यात आणि त्या बसायच्या जागेच्या जवळ, तळाशी ठेवाव्यात. वजन टोकांना गेलं की कयाक वळायला जड होते. स्लीपिंग बॅग, कपडे हे हलकं सामान टोकांत. मोठ्या ड्राय बॅगपेक्षा 10 लिटरच्या लहान पिशव्या कधीही सोयीच्या.

जेवण बहुतेक सहलींत चांगलं असतं, सामन मासा हमखास. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. कांदा-लसूण चालत नसेल तर तेही स्पष्ट शब्दांत, कारण ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्याने ते कळत नाही. या बेटांवर लांडगे आहेत. म्हणून अन्न, टूथपेस्ट, साबण यांतलं काहीही तंबूत ठेवू नये. मुक्कामाच्या जागी अन्न ठेवायच्या बंद पेट्या असतात, त्या वापराव्यात. शिंपल्या गोळा करून शिजवायचा मोह टाळा. लाल भरतीचं, म्हणजे समुद्रातल्या विषारी सूक्ष्म शेवाळाचं, विष शिजवल्याने जात नाही.

बेन्सन बेटावर मुक्काम करता येत नाही. त्सेशाह्त या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या परंपरेनुसार त्यांचा उगम इथलाच आहे. तिथे दिवसा उतरता येतं; तेव्हा गाईड त्या जागेबद्दल काय सांगतो हे ऐका. नुसतं ‘छान बीच आहे’ म्हणून पुढे नेणारा गाईड अर्धवट तयारीचा. जॅक्स आणि जार्व्हिस बेटांमधल्या खाडीत दगडी मासेमारीच्या जुन्या भिंती ओहोटीला उघड्या पडतात. सकाळच्या मोठ्या ओहोटीचा तेवढा फायदा.

किती दिवसांची सहल घ्यावी? चार दिवसांत पहिला आणि शेवटचा जाण्या-येण्यात जातो. वल्हवायला दोनच पूर्ण दिवस उरतात, आणि त्यातला एक वाऱ्याने खाल्ला तर बाहेरची बेटं राहून जातात. पहिल्यांदाच जाणाऱ्याला, फक्त आतली बेटं पाहायची असतील तर चार पुरेत. बाहेर जायचं असेल तर सहा घ्या, तारखा अष्टमीच्या आसपास, भांगाच्या निवडा, आणि बुकिंगआधी हे विचारा: किती पाहुण्यांमागे किती गाईड, आणि मुख्य गाईडकडे ब्रिटिश कोलंबियाच्या कयाक गाईड संघटनेचा बहुदिवसीय सहलीचा दाखला आहे का. उत्तर गोलमोल आलं, तर दुसरीकडे फोन करा.