प्रीमियर पद्मिनी: चौदा महिने, सहा हजार किलोमीटर आणि १०८९ सीसीचा वारसा

ज्यांना फक्त आकडे हवेत त्यांच्यासाठी ते आधीच सांगतो. गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, स्टिअरिंगजवळच्या दांड्यावर गिअर. घेऊन चौदा महिने झाले आणि मीटरवर सहा हजार दोनशे किलोमीटर चढले. अ‍ॅव्हरेज गावात अकरा, हायवेला चौदा. रस्त्यात दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा घोळ पेट्रोलच्या लाइनीत होता. इंजिनानं आजवर एकदाही दगा दिलेला नाही.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीत फौंड्रीत कामाला आहे. ओतकाम, मशिनिंग, बोअर, टॉलरन्स हे रोजचं बोलणं. गाड्यांचं वेड मात्र त्याच्या आधीचं. दसऱ्याला वडील मला खांद्यावर बसवून दसरा चौकात न्यायचे. सोनं लुटायची गर्दी, वाजंत्री, आणि त्या सगळ्यातून छत्रपतींची जुनी मेबॅक हळूहळू पुढं यायची. मोठ्या माणसांचं लक्ष महाराजांकडं असायचं, माझं त्या गाडीच्या लांबलचक बॉनेटकडं. त्याखाली काय असेल हा प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला तो अजून गेलेला नाही.

मेबॅक आपल्या आवाक्यातली नाही. पण पुढं जुन्या शर्यतींबद्दल वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट हाती लागली, आणि ती कळल्यावर पद्मिनीशिवाय दुसरी गाडी डोळ्यांसमोर आलीच नाही.

इटलीत मिले मिलिया नावाची शर्यत व्हायची. १९२७ ते १९५७, ब्रेशियाहून रोम आणि परत ब्रेशिया, सुमारे सोळाशे किलोमीटर, ट्रॅकवर नव्हे तर गावागावांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यांवर. महायुद्ध संपल्यावर १९४७ साली ती पुन्हा सुरू झाली. इटलीचा नामांकित शर्यतचालक ताझिओ नुवोलारी तेव्हा चोपन्न वर्षांचा होता, तब्येतीनं खंगलेला. त्याच्याकडं गाडी होती चिसितालिया २०२, उघडी, बुटकी, हलकी. या म्हाताऱ्या माणसानं त्या चिमुकल्या गाडीनं मोठ्या गाड्यांना मागं टाकलं. शेवटच्या टप्प्यात पाऊस कोसळला, पाणी इग्निशनमध्ये गेलं, वेळ वाया गेला आणि बिओन्देत्ती या दुसऱ्या चालकाची २.९ लिटरची अल्फा रोमिओ पुढं निघाली. नुवोलारी दुसरा आला.

त्या चिसितालियात फियाट ११००चं इंजिन होतं. १०८९ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५. मूळ आराखडा फियाटचे इंजिनिअर दांते जाकोसा यांचा, १९३७च्या फियाट ५०८ सी साठी केलेला. आपली पद्मिनी म्हणजे त्याच फियाट ११००चं भारतीय रूप. आता कुठल्याही पद्मिनीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा. १०८९ सीसी, ६८ बाय ७५. लोखंडी ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचा हेड, क्रँकला तीन मेन बेअरिंग. नुवोलारीच्या गाडीत त्याच जातीचं इंजिन फुलवून साठच्या आसपास अश्वशक्ती काढली होती, आपल्या पद्मिनीत ती चाळीसच्या घरात. पण घराणं तेच. १९५८ साली इटलीत फॉर्म्युला ज्युनिअर सुरू झालं, साध्या विक्रीच्या गाडीचं इंजिन वापरून एकसीटी रेसकार बांधायची असा नियम होता. तिथं सुरुवातीला ज्यांचा दबदबा होता त्या स्टँगेलिनी गाड्यांतही हेच ११००चं इंजिन. आणि आपल्याकडं? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात हेच इंजिन वर्षानुवर्षं बनवलं, त्यावर काळीपिवळी टॅक्सी धावली, डॉक्टर आणि वकील फिरले, लग्नाच्या वराती निघाल्या. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर आपल्या लोकांनी फियाट घेऊन शर्यतीही केल्या. तरी आपण तिला टॅक्सीच म्हणत राहिलो. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा सगळीकडं आठवणी निघाल्या. या इंजिनाच्या शर्यतीच्या घराण्याबद्दल कुणी बोललेलं मला तरी ऐकू आलं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

म्हणून घेतली. जुनी डुक्कर फियाट, म्हणजे पद्मिनीच्या आधीचं फियाट ११०० मॉडेल, मिळत होती, मोहही झाला होता. पण पन्नास वर्षांपुढची गाडी २०२१च्या नियमांप्रमाणं व्हिंटेज म्हणून नोंदवली की ती प्रदर्शनाला आणि रॅलीला, रोजच्या वापराला नाही. मला रोज चालवायची होती. १९८४ची पद्मिनी साध्या नोंदणीवर राहते, दर पाच वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर भरला की झालं.

आता चालवण्याबद्दल. पहिला महिना हात बसायलाच गेला. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दात्यांचा वेग जुळवून घेणारी सोय, नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकला की खरखर. स्टिअरिंगला मोकळीक आहे, नव्या गाडीची सवय असलेल्याला वाटतं चाकं ऐकतच नाहीत. ब्रेक चारही चाकांना ड्रम, आणि लाइन एकच. म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. हे घाबरवायला लिहीत नाही, पण जो घेईल त्यानं हे मनात पक्कं ठेवावं आणि ब्रेकवर पैसे वाचवू नयेत.

मी एकदा वाचवले. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून व्हील सिलिंडरचे किट स्वस्तात मागवले. तीन आठवड्यांत रबर फुगून मऊ झालं, तर्जनीनं दाबलं तर काळा रंग बोटाला लागत होता. पेडल खाली जायला लागलं म्हणून वेळीच कळलं. विक्रेत्यानं फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून रबरी सामान उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी हातात घेऊन, ताणून, वास घेऊन पास केल्याशिवाय गाडीला लागत नाही.

या मेस्त्रींबद्दल लिहिलंच पाहिजे. सत्तरी गाठलेले, फियाटवर हयात गेलेली. गाडी पहिल्यांदा नेली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं नाही. म्हणाले, "दादा, आधी चालू करा आन् गप्प ऱ्हावा." डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं. मग लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक टॅपेट कव्हरला. "तिसऱ्याचा वॉल जरा ढिला हाय. बाकी इंजान सोनं हाय, कुणी उघडलेलं नाय." फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट खरंच जास्त निघाली. आम्ही फौंड्रीत जे मोजायला गेज आणि मशिनं वापरतो ते त्यांनी एका स्क्रूड्रायव्हरनं आणि कानानं मोजलं होतं. मागचे ड्रम झिजून लंबगोल झाले होते, ते त्यांनी शेजारच्या लेथवर दुपारी टर्न करून संध्याकाळी बसवलेसुद्धा. पद्मिनी ठेवायची तर कोल्हापूरसारखं गाव नाही. बाजारात न मिळणारा बुश इथं विकत मिळत नाही, तो इथं बनवून मिळतो.

आता पेट्रोल. हा या चौदा महिन्यांतला सगळ्यात मोठा धडा. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडं आहे, आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं. साखरपट्ट्यातला माणूस म्हणून मला त्याचं समाधान आहे, शेतकऱ्याला पैसे मिळतात. पण १९८४च्या गाडीचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यासाठी केलेलेच नाहीत. इथेनॉल साधं रबर फुगवतं, टाकीच्या तळाचा जुना गंज आणि मळ सोडवून पुढं ढकलतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळं गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत पाणी साठायची भीती. मी पहिल्यांदा अडकलो ते कावळा नाक्याला, सोलेक्स कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तांबूस चिखलानं बंद. दुसऱ्यांदा एप्रिलच्या उन्हात, पाइपातच पेट्रोलची वाफ झाली. ओला रुमाल पंपावर टाकून वीस मिनिटं बसलो, सुरू झाली. नंतर टाकी उतरवून आतून धुतली, सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या फ्लोरो रबरचे घातले, पंपाचा पडदा बदलला, वाटेत काचेचा फिल्टर बसवला आणि पाइप एक्झॉस्टपासून लांबून फिरवला. त्यानंतर आठ महिने काही नाही. पद्मिनी घेणाऱ्यानं गादी, रंग, क्रोम सगळं नंतर करावं. आधी हे.

बाकी देखभाल सोपी आहे. तेल २०डब्ल्यू-५०, इग्निशनचे पॉइंट आणि कॉन्डेन्सर जवळ एक जोडी जादा, किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) ग्रीस वेळच्या वेळी. हेड अ‍ॅल्युमिनियमचा असल्यानं गाडी तापू द्यायची नाही, वाकला की खर्चाला अंत नाही. पत्रा बघून घ्या, दाराखालचे सिल आणि डिकीचा तळ विशेषतः. एसी नाही. पावसात काचेवर वाफ धरते.

आणि आता ज्यासाठी हे सगळं. घाट.

दर रविवारी पन्हाळा ठरलेला. पहाटे शिवाजी पूल ओलांडायचा, वाघबीळला वळायचं आणि चढ लागला की तिसरा गिअर. नव्या गाडीत हा चढ कधी संपतो कळत नाही. पद्मिनीत प्रत्येक वळण आधी ठरवावं लागतं. वळणाआधीच गिअर उतरवायचा, मधे क्लच सोडून एक्सिलरेटर द्यायचा म्हणजे दाते अलगद बसतात, मग भार पुढच्या चाकांवर येऊ द्यायचा आणि वळणाच्या मध्यापासून पुन्हा खेच. वेग चाळीस. पण त्या चाळीसमध्ये दोन्ही हात, दोन्ही पाय, कान आणि पाठ कामाला असतात. मागचे पाट्यांचे स्प्रिंग किती दबले, आतलं चाक किती हलकं झालं, हे सीटमधून कळतं. जुन्या शर्यतींची ओढ लोकांना अजून का आहे ते मला वाचून कळलं नव्हतं, इथं कळलं. त्या गाड्यांत चालकाची चूक झाकणारं काहीच नव्हतं.

मोठी वारी दिवाळीत झाली. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी. मुलगी आठवीत आहे, तिला मी १९५५च्या मिले मिलियाची गोष्ट सांगितली होती. स्टर्लिंग मॉस या ब्रिटिश चालकाच्या शेजारी वाट सांगायला डेनिस जेन्किन्सन बसला होता, त्यानं आधी रस्ता फिरून वळणावळणाची टिपणं एका लांब कागदी पट्टीवर लिहिली, सुमारे साडेपाच मीटर, आणि ती रुळावर गुंडाळून एका डबीत बसवली. आवाजात बोलणं ऐकू येणार नाही म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या. मर्सिडीज ३०० एसएलआर, नंबर ७२२, कारण सुटायची वेळ सकाळी सात बावीस. दहा तास सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत सोळाशे किलोमीटर. दोनच वर्षांनी, १९५७मध्ये, एका गाडीचा अपघात होऊन चालक, त्याचा साथीदार आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक गेले, त्यात लहान मुलंही होती, आणि ती शर्यत कायमची थांबली. तेही तिला सांगितलं. सांगायलाच हवं.

तिनं दुकानातून बिलाच्या कागदाचा रोल आणला. कळे, साळवण करत गगनबावड्यापर्यंत झोपून घेतलं आणि घाट लागल्यावर रोल मांडीवर उलगडला. "बाबा, डावं, उघडं, समोरचं दिसतंय. आता उजवं, दरी, दुसरा गिअर." उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून मी गाडी दुसऱ्यात धरून इंजिनावरच उतरवत होतो, तो एक सलग घुमारा घाटभर सोबत होता. मागून कुणी आलं की कडेला घेऊन वाट द्यायचो. खाली पोचल्यावर तिनं रोलवर तळाशी तारीख लिहिली आणि खाली "१०८९" असं मोठ्या अक्षरात. तो रोल आता ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, घाटाच्या टिपणांच्या बाजूला तिनं पेन्सिलीनं फुलं काढलेली.

घ्यावी का? घरात दुसरी गाडी असेल, जवळ फियाट जाणणारा मेस्त्री असेल आणि आठवड्यातला एक सकाळचा वेळ तिला देता येत असेल, तर डोळे झाकून घ्या. एकुलती एक गाडी म्हणून नको. दवाखान्याला न्यायला, रात्रीच्या पुणे हायवेला ती नाही, तिथं ट्रकांच्या वेगात तिची दमछाक होते आणि तुमचीही.

गेल्या रविवारी पन्हाळ्याहून उतरताना डावीकडच्या पुढच्या चाकातून हलकी टकटक ऐकू आली. मेस्त्रींनी जॅक लावून चाक वर-खाली हलवून दाखवलं, किंगपिनचे बुश झिजलेत. पुढच्या आठवड्यात ते करायला टाकणार आहे. तोवर घाट बंद, फक्त रंकाळ्यापर्यंत.