खो-खो मंडळाचा निधी: मॅट की खुलं मैदान?

सोलापुरातल्या एका खो-खो मंडळाचे चिटणीस पेचात आहेत: निधी निवड संघाच्या मॅटवर घालावा की सगळ्या मुलामुलींच्या मैदानावर, प्रशिक्षकावर?

मॅटचा खर्च एकदम, मानधन दरमहा. लाभ पाहिला तर इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमच्या 'जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख' या कसोटीवर मैदान सरस. पण नुसती डोकी मोजू नका. मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, खेळायला सकाळ-संध्याकाळच उरते. मुली संख्येनं कमी, म्हणून त्यांची वेळ मुलांना देणं याच हिशेबात फायद्याचं दिसतं. मला ते साफ नामंजूर आहे. वेळच मिळाली नाही तर त्या वाढणार कशा?

संघ राज्य स्पर्धेच्या तयारीचा असेल तर मॅट घ्या. पोरं नुकतीच जमू लागली असतील तर मैदान. मुलींची वेळ मात्र दोन्हीकडे राखीव हवी.