म्युनिक की पुणे? मुलाची शाळा सुरू होण्याआधी ठरवताना

नोकरी म्युनिक किंवा श्टुटगार्टला, मूल चार-पाच वर्षांचं, आणि पुण्याला परतायचं की तिथेच राहायचं हे ठरत नाही. बोलणं बहुतेक वेळा पगार आणि आजी-आजोबांपाशी येऊन थांबतं. मी मात्र आधी शाळेचं वेळापत्रक समोर ठेवेन. मुलाची खरी कसोटी जर्मनीत दहाव्या वर्षाच्या आसपास लागते, आपल्याकडे पंधराव्या वर्षानंतर.

सुरुवातीची वर्षं जर्मनीत निःसंशय मोकळी असतात. किटामध्ये, म्हणजे तिथल्या बालवाडीत, अक्षरं गिरवून घेत नाहीत. मुलं खेळतात, पावसातही रेनकोट-बूट घालून बाहेर जातात. सहाव्या वर्षी पहिली. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला मोठा रंगीत कोन असतो. नंतर बरीच मुलं शाळेत पायीच जातात, आणि चौथीच्या सुमारास सायकलची परीक्षा होते, त्यात पोलीसही शिकवतात. पुण्यात तोवर केजीतच लिहिणं-वाचणं सुरू झालेलं असतं आणि स्कूल व्हॅन दारात येते. पुण्याचा भाऊ ‘अजून एबीसीडी येत नाही?’ म्हणाला, तरी घाबरू नका. दुसरीपर्यंत हे अंतर भरून निघतं.

अडचण पुढे आहे. जर्मनीत शिक्षण राज्यांच्या हातात असतं, त्यामुळे ‘जर्मनीत असं असतं’ म्हणणाऱ्याला आधी राज्य विचारा. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात (बव्हेरिया), चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर थेट गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा. तिथे १ सर्वोत्तम आणि ६ सर्वात वाईट, हे लक्षात ठेवा. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळाच सहावीपर्यंत चालते, म्हणजे दोन वर्षं जास्त मिळतात. गिम्नाझियम न मिळालेल्या मुलाला रेआलशुले या मधल्या पातळीच्या माध्यमिक शाळेतून पुढे वर जाता येतं, कंपनीत पगार घेत कौशल्य शिकण्याची वाटही प्रतिष्ठेची आहे. पण घरी मराठी बोलणाऱ्या, जर्मन उशिरा शिकलेल्या मुलासाठी ही चौथी जड जाते. हुशारी असून निबंधात गुण जातात. मला या व्यवस्थेतली ही गोष्ट पटत नाही. दहाव्या वर्षी मुलाची वाट ठरवणं फार लवकर आहे.

आपल्याकडे वाट उशिरा ठरते, पण ठरते तेव्हा सगळं घर ढवळून निघतं. दहावी, मग जेईई, नीट किंवा एमएचटी-सीईटी, आणि दोन वर्षं क्लासच्या वेळांवर चालणारं घर. अकरावीतला मुलगा मैदानावर दिसत नाही. खासगी शाळेची फी आणि वर क्लासची फी, तर जर्मनीत सरकारी शाळेला फीच नाही. तिथे प्राथमिक शाळा अनेक ठिकाणी दुपारीच सुटते, त्यामुळे दोघं नोकरी करत असाल तर दुपारच्या सोयीची जागा आधी शोधा.

‘आत्ता परतू, बारावीनंतर जर्मनीला पाठवू’ हा बेत बरेच जण करतात. भारतातल्या नुसत्या बारावीवर जर्मन विद्यापीठात साधारणपणे थेट प्रवेश मिळत नाही. इथे पदवीचं एक वर्ष, तिथलं श्टुडिएनकोलेग (विद्यापीठाआधीचा तयारीचा अभ्यासक्रम) किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड अशी आणखी एक पायरी लागते.

म्हणून माझं मत असं: परतायचं तर मूल दुसरी संपवण्याआधी परता. राहायचं तर तिसऱ्या वर्षापासून किटात रोज पाठवा, भाषा तिथेच पक्की होते. तिसरी-चौथीत असताना हलवलं तर दोन्हीकडचा तोटा पदरी पडतो. आणि परतण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर बाराखडी आजपासून घ्या. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, आणि आजीशी गप्पा मारता येणाऱ्या मुलालाही देवनागरी वाचायला वेगळं शिकवावं लागतं.