एनसीव्ही टेस्ट: मशीनवाल्या पोराला पैकीच्या पैकी, काउंटर काठावर पास

उद्यमनगरात लेथ आणि ग्राइंडरवर आयुष्य गेलं, त्यात शुगर जुनी. तळपायाला मुंग्या येतच होत्या. पण उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर व्हायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी एनसीव्ही, म्हणजे नसेतून सिग्नल किती वेगानं जातो ते मोजायची टेस्ट, लिहून दिली. नुसते पाय असते तर दवाखान्यातच ट्युनिंग फोर्क आणि नायलॉनचा दोरा टेकवून भागलं असतं म्हणाले. हाताचं आणि पायाचं दुखणं एकच की वेगवेगळं, हे बघायला मशीन हवं.

सेंटर कोल्हापुरातलंच. नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडं वाकडं लिहायचंय. हात-पाय मिळून अडीच हजार घेतले.

टेक्निशियन पोरगा तरुण, पण कामाला पक्का. आधी पेसमेकर आहे का विचारलं. मग पायाला हात लावला, गार लागला म्हणून शेकायची पिशवी ठेवून मला बसवूनच ठेवलं. बाहेर रांग होती, तरी. म्हणाला, "काका, पाय गार असला की नसेचा वेग उगाच कमी येतो. मग नसलेला आजार लिहून द्यायचा का मी?" तिथंच माणूस पटला.

टेस्टमध्ये सुई नाही. सुईची ती ईएमजी, वेगळी. इथं पावलावर पट्ट्या चिकटवतात आणि घोट्याजवळ, मग गुडघ्यामागं करंटचा झटका देतात. घोट्याजवळचा चालतो. गुडघ्यामागचा मात्र सणसणीत, पाऊल आपोआप उडतं. दोन्ही ठिकाणी पेनानं खूण करून पोरानं टेप लावला. माझा गुडघा जरा वाकला होता, तर सरळ करायला लावून पुन्हा मोजलं. अंतर ४० सेंटीमीटर आणि दोन झटक्यांच्या वेळेतला फरक १० मिलिसेकंद, म्हणजे वेग सेकंदाला ४० मीटर. टेप चुकला की वेग चुकला. आमच्या धंद्यात मापाला असं जपणारं पोरगं मिळालं तर मी उद्या ठेवून घेईन.

आता काउंटर. रिपोर्टची पानं हातात देताना तिथल्या बाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "काही नाही, नॉर्मलच आहे." डॉक्टरांकडं गेलो तर वेगळंच. पायाचा वेग ठीक होता, पण घोट्यामागच्या सुरल नसेचा सिग्नल दोन्हीकडं ४ मायक्रोव्होल्ट, निदान ६ तरी हवा. वेग म्हणजे नसेवरचं आवरण कसं आहे ते, आणि सिग्नलची उंची म्हणजे आतले किती तंतू अजून काम करतात ते, असं त्यांनी समजावलं. शुगरमध्ये लांबच्या नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायापासून. हाताचं मात्र निराळं: मनगटात नस दाबली जातेय, कार्पल टनेल. त्याला रात्री बांधायचा पट्टा दिला. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असल्यानं बी१२ व्हिटॅमिन पण तपासायला सांगितलं. काउंटरवर विश्वास ठेवून घरी गेलो असतो तर यातलं काहीच कळलं नसतं.

उलटंही होतं. रांगेतल्या एका मावशींच्या तळपायांची आग आग होत होती आणि रिपोर्ट स्वच्छ आला. मी डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, ही टेस्ट जाड तंतूंचीच. आग आणि चटके कळवणारे बारीक तंतू यात दिसतच नाहीत. मग सेंटरच्या भिंतीवर "मधुमेहींनो, दर सहा महिन्यांनी एनसीव्ही करा" असा बोर्ड कशाला लावलाय? धंदा आहे, दुसरं काय.

जाणार असाल तर हातापायाला तेल, क्रीम लावू नका, पायजमा सैल घाला. जिना चढावा लागतो, लिफ्ट नाही. संध्याकाळी न्यूरोचे डॉक्टर स्वतः बसतात, रिपोर्ट त्यांच्याच हातून घ्या.