कलमांचा एक हंगाम काढल्यावर: रोपवाटिकेच्या साइटसाठी घेतलेल्या होस्टिंगचा अनुभव

होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागा, बदलून कलमांचा एक अख्खा हंगाम गेला, म्हणून आता लिहितेय. पहिल्या आठवड्यात सगळ्याच होस्टिंग चांगल्या असतात. रिकाम्या साइटवर आपणच चारदा जाऊन बघतो, ती झटकन उघडते, आणि आपण पाच तारे देऊन मोकळे होतो. आमच्यासारख्या धंद्यात त्या ताऱ्यांना काही अर्थ नाही.

आमची रोपवाटिका वरूड तालुक्यात, शेंदुरजनाघाटच्या बाजूला. या पट्ट्यात जंबेरी नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा आणि पावसाळ्यात कलमा विकायच्या, हा जुना धंदा. गिऱ्हाईक तालुक्यातलं असतं तसं मध्य प्रदेशातलं आणि राजस्थानातलंही. साइटवर फार काही नाही. दर, परवान्याचा फोटो, वाफ्यांचे फोटो, किती जागेला किती कलमा लागतील ते काढून देणारं छोटं गणित (६ बाय ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडं) आणि बुकिंगचा फॉर्म. सगळं वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर.

ज्यांना फक्त पत्ता, फोन आणि चार फोटो दाखवायचेत त्यांनी होस्टिंग विकतच घेऊ नये, असं माझं मत आहे. गुगलवरची बिझनेस प्रोफाइल भरली तरी पुष्कळ काम होतं. पण त्या प्रोफाइलसोबत जी फुकट वेबसाइट मिळायची ती गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, आणि आमच्या ओळखीतल्या दोन-तीन रोपवाटिकांचा इंटरनेटवरचा पत्ताच गेला. दुसऱ्याच्या अंगणातला मांडव त्याच्या मर्जीने उठतो, हे तेव्हा मामाजींनाही (सासऱ्यांनाही) पटलं. नाहीतर त्यांचं आधीचं म्हणणं होतं, "व्हॉट्सॲप हाय नं, अजून काहून पैसे घालता?"

कंपन्यांची नावं देत नाही. प्लॅन आणि दर सतत बदलतात. काय तपासायचं तेवढं सांगते.

आधीची होस्टिंग अमेरिकेतल्या सर्व्हरवर होती. इथून तिथे जाऊन परत यायला एका फेरीला दोनशे मिलिसेकंदांच्या वर लागतात, आणि सुरक्षित पानाचा पहिला तुकडा मोबाइलमध्ये पोचायच्या आधी अशा निदान तीन फेऱ्या होतात. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ नुसता येण्याजाण्यात. आता सर्व्हर मुंबईत आहे आणि फरक कळतो. तरी खरं सांगायचं तर त्याहून जास्त फरक फोटोंनी पडला. मोबाइलमधून काढलेला चार-चार एमबीचा फोटो तसाच टाकलेला असायचा. ते वेबपी या हलक्या प्रकारात बदलून दीडशे केबीच्या आत आणले आणि देवनागरी फॉन्टचे फक्त दोनच प्रकार ठेवले. हे आधी करून बघा, कदाचित होस्टिंग बदलायचीही गरज पडणार नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या साइटवर वर्षातले आठ महिने कुत्रं फिरकत नाही. गर्दी होते ती मृगाचा पाऊस पडला की, आणि तीही संध्याकाळी सात ते नऊ, लोक वावरातून घरी येऊन मोबाइल हातात घेतात तेव्हा. जाहिरातीत 'अनलिमिटेड' मोठ्या अक्षरात असतं. खरे आकडे अटींच्या पानावर आत कुठेतरी असतात: एका वेळी साइटची किती कामं, म्हणजे प्रक्रिया, चालतील (आमच्या प्लॅनला २०), मेमरी किती (१ जीबी), एकूण फायली किती ठेवता येतील. जागा कितीही असो, या तिन्हींपैकी एक जरी भरलं तरी साइट थांबते.

तशी ती थांबलीच. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला, त्याच आठवड्यात एका यूट्यूबवाल्याने आमच्या वाफ्यांचा व्हिडिओ टाकला, आणि ऐन संध्याकाळी साइटवर ५०८ क्रमांकाचा एरर, म्हणजे मर्यादा भरली. मोर्शीकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मामाजींना फोन आला, "काहून जी, कलमा सपल्या का? मोबाइलमंदी काहीच दिसून नाही राह्यलं."

सपोर्टचं पहिलं उत्तर ठरलेलं: मोठा प्लॅन घ्या. ते ऐकलं नाही आणि लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं त्याच्या नोंदी, मागितले. दुसऱ्या दिवशी कुणा जाणकाराकडे तक्रार गेली असावी, कारण उत्तर कामाचं आलं. येणाऱ्यांमध्ये माणसं कमी आणि बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, जास्त होते. वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर आणि एक्सएमएल-आरपीसीच्या (बाहेरून साइट चालवायच्या जुन्या वाटेच्या) फाइलवर ते सारखे धडका मारत होते, आणि प्रत्येक धडकेला वीसातली एक जागा अडत होती. ती फाइल बंद केली, लॉगिनवर मर्यादा घातली. सर्व्हरवर लाइटस्पीड हे सॉफ्टवेअर असल्यामुळे त्याचं कॅशचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा भाग) फुकट चालतं. एकदा तयार झालेलं पान त्यात जसंच्या तसं दिलं जातं, पान बनवणारं पीएचपी जागं होत नाही. शिवाय वर्डप्रेसची मागची कामं दर भेटीला तपासली जातात, ती काढून सीपॅनेलमधून (होस्टिंगच्या सेटिंगच्या पानावरून) दर पंधरा मिनिटांनी लावली. नंतर जुलैची गर्दी याच प्लॅनवर निभावली. म्हणून कंपनी निवडताना मी आधी विचारेन, सर्व्हर लाइटस्पीडचा की अपाचीचा, आणि लॉग मला स्वतःला बघता येतात का. चहाच्या टपरीवर सुद्धा आपण दूध कोणतं ते विचारतो.

सपोर्टबद्दल लोक 'चोवीस तास चॅट' बघून खूश होतात. आमच्या गावात लाइन गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. चॅट तुटतं, परत जोडल्यावर नवीन माणूस येतो आणि पहिल्यापासून सगळं सांगा. तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाकलेलं बरं. ते आपल्या नेटवर्कची वाट बघत थांबतं आणि नंतर पुरावाही राहतो. या कंपनीचं तिकिटाचं उत्तर साधारण दुसऱ्या दिवसाच्या आत येतं. फोनवर हिंदीत बोलतात, पण फक्त कार्यालयीन वेळेत, आणि त्या वेळेत मी वाफ्यावर मजुरांच्या मागे असते.

९९.९ टक्के अपटाइम (साइट चालू राहण्याची हमी) म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. त्याहून जास्त बंद राहिली तर भरपाई त्या महिन्याच्या भाड्याच्या हिशेबाने, म्हणजे चार पैसे. त्यामुळे त्या आकड्यावर जीव टाकू नका. अपटाइमरोबोट ही सेवा दर पाच मिनिटांनी साइट तपासते आणि बंद पडली की ईमेल करते. ते लावल्यावर कळलं की 'साइट बंद आहे' असं घरात जेव्हा जेव्हा वाटलं, त्यातल्या बहुतेक वेळा आमचं नेटच बंद होतं.

साइट हलवणं कंपनीने फुकट करून दिलं. पण पहिल्या खेपेला दरपत्रकातलं सगळं मराठी प्रश्नचिन्हांत बदललेलं. डेटाबेस, म्हणजे साइटचा साठवलेला मजकूर, जुन्या अक्षरसंचात उतरवला की देवनागरीचं असं होतं. तो यूटीएफ-८-एमबी-४ मध्येच उतरवायला आणि चढवायला हवा. प्रश्नचिन्हं दिसली तर तिथली अक्षरं कायमची गेलेली असतात, मूळ प्रतीवरून पुन्हा करावं लागतं. रोमन अक्षरांवर टोप्या घातल्यासारखं विचित्र काही दिसलं तर मात्र बहुधा वाचवता येतं. जुनी होस्टिंग चालू ठेवून, नेमसर्व्हर (साइटचा पत्ता कुठल्या होस्टिंगकडे न्यायचा ती नोंद) न बदलता, नवी साइट आधी आपल्या लॅपटॉपवर उघडून बघितली होती म्हणून गिऱ्हाइकांना यातलं काही दिसलं नाही. कुठल्याही कंपनीने 'आमच्यावर सोडा' म्हटलं तरी हे बघाच. आणखी एक, पानाची लिंक मराठीत ठेवू नका. वर्डप्रेस ती दोनशे बाइटांवर कापतं, देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि काना-मात्रा लिंकमध्ये नऊ-नऊ जागा खातात, म्हणून अशी बावीस चिन्हं झाली की ती तुटते. व्हॉट्सॲपवर तर टक्क्यांच्या चिन्हांची नुसती माळ दिसते.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, मात्र होस्टिंगवाल्याकडे ठेवलं नाही. आधी ते साइट बनवून देणाऱ्याच्या खात्यात, त्याच्याच ईमेलवर होतं, आणि ते आपल्या नावावर करून घ्यायला होस्टिंग बदलण्यापेक्षा जास्त चिकाटी लागली. डोमेन एकीकडे, होस्टिंग दुसरीकडे असलं की एकाशी भांडण झालं तरी दुसरं हातात राहतं.

मेलने थोडी निराशा केली. फॉर्म भरला की येणारी मेल सरळ स्पॅममध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या डोमेनवर एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनची आहे हे पटवणारी नोंद) लागतंच. दोन्ही सीपॅनेलमध्ये चालू केले, फॉर्म एसएमटीपीवरून (मेल खात्यात लॉगिन करून) पाठवायला लावला, तेव्हा कुठे इनबॉक्समध्ये यायला लागल्या. तरी बुकिंगची एक नोंद साइटच्या डेटाबेसमध्येही राहील असं करून ठेवलंय.

बॅकअपच्या बाबतीत 'रोज बॅकअप' लिहिलेलं असतं आणि खाली 'हमी नाही' असंही. अपड्राफ्टप्लस प्लगइनने आमचा बॅकअप सर्व्हरवरून थेट गुगल ड्राइव्हवर जातो. गावातल्या नेटवरून काही खाली उतरवावं लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीतला दर तीन वर्षं एकदम भरली तरच लागू, नूतनीकरणाला जवळपास तिप्पट. वर १८ टक्के जीएसटी. कलमांवर जीएसटी नसल्याने आम्हाला तो कुठे वळताही करून घेता येत नाही, खर्चातच धरावा लागतो. एसएसएलचे (साइट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राचे) वेगळे पैसे कुणी मागितले तर लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र लावून देता का, ते विचारा. नाही म्हणाले तर पुढे बोलायचं कारण नाही.

मी एकच वर्ष भरलंय, महाग पडलं तरी. नूतनीकरण मार्चमध्ये आहे, होस्टिंगचं ऑटो-रिन्यूअल बंद ठेवलंय, डोमेनचं चालू. दर फारच वाढवला तर एप्रिलच्या आत साइट उचलणार. मे उजाडला की गिऱ्हाइकांचे फोन सुरू होतात, मग काहीही झालं तरी पोळ्यापर्यंत हात लावायचा नाही.